गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांचे आजार, प्रतिबंध आणि उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, गुरामी, फायटर, डिस्कस यांसारख्या उष्ण प्रदेशातील गोड्या पाण्याच्या माशांविषयीचे प्रश्न येथे घेतले आहेत. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा आहे आणि समुद्री माशांचे शास्त्र वेगळे आहे. त्यामुळे खालील मात्रा त्यांना तशाच लावू नयेत.

मासा आजारी पडू लागला आहे हे वेळीच कसे ओळखावे?

रोज खाणे टाकताना टाकीसमोर दोन मिनिटे शांतपणे थांबावे. निरोगी मासा खाणे दिसताच पुढे येतो, त्याचे पर पसरलेले असतात आणि कल्ल्यांची उघडझाप संथ व दोन्ही बाजूंनी सारखी असते. जो मासा कळप सोडून हीटरच्या मागे उभा राहतो, पर अंगाशी मिटून घेतो, खडीवर किंवा पानांवर अंग घासतो, खाणे तोंडात घेऊन पुन्हा थुंकतो, त्याला काहीतरी त्रास होत आहे हे निश्चित समजावे, मग अंगावर एकही डाग दिसत नसला तरी. विष्ठेकडेही लक्ष असू द्यावे. ती पांढरट, पारदर्शक आणि दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात परजीवी असण्याची किंवा मासा काही दिवस उपाशी असण्याची शक्यता असते. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्चचा उजेड बाजूने, तिरपा पाडला तर दिवसा न दिसणारे बारीक ठिपके आणि त्वचेवरचा चिकट थर स्पष्ट दिसतो.

सगळे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत आहेत. कोणते औषध घालावे?

कोणतेही घालू नये. एकटा मासा धापा टाकत असेल तर त्याच्या कल्ल्यांत रोग असू शकतो, परंतु टाकीतले सगळे मासे एकाच वेळी वर आले असतील तर बिघाड बहुधा पाण्यातच असतो. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असा प्रकार मत्स्यपालनात फार घडतो. अमोनिया वाढलेला असतो आणि टाकीत निळे-हिरवे औषध ओतले जाते. अनेक औषधे पाण्यातील प्राणवायू आणखी कमी करत असल्याने उरलेले मासेही दगावतात.

अशा वेळी टाकीतले तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी, क्लोरीन काढलेल्या आणि तितक्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे, हवेचा पंप पूर्ण वेगाने चालू ठेवावा, खाणे बंद करावे आणि मग अमोनिया, नायट्राइट व पीएच यांची चाचणी करावी. चाचणीचा संच औषधाच्या बाटलीपेक्षा महाग वाटतो, पण घरात कोणती वस्तू आधी यावी असे विचारले तर आमचे उत्तर नेहमी चाचणीचा संच हेच राहील.

नवीन टाकीत पहिल्याच महिन्यात मासे का मरतात?

कारण टाकी दिसायला तयार असते, पण तिच्यातले जिवाणू अजून तयार झालेले नसतात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात, आणि उरलेले खाणे व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणाऱ्या एका प्रकारच्या जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंमुळे नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी दहा-पंधरा मासे सोडले तर अमोनिया कल्ले जाळतो. त्यानंतर चढणारा नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवतो, आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच असायला हवेत. नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास असावे आणि ४० च्या वर जाऊ देऊ नये. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट वाढतो, त्यामुळे अमोनियाचा तोच आकडा एका घरात निभावून जातो आणि दुसऱ्या घरात मासे मारतो.

ओळखीच्या व्यक्तीच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. आपला फिल्टर धुताना तो नळाखाली धरू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळून घ्यावा, कारण क्लोरीनमुळे महिनाभर वाढलेले जिवाणू काही मिनिटांत नष्ट होऊ शकतात. वीज अनेक तास गेली असेल तर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणी कुजते, तेव्हा वीज आल्यावर तो तसाच सुरू न करता आधी आतले पाणी ओतून टाकावे. ज्या भागात भारनियमन नित्याचे आहे तेथे बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर हीच भरवशाची जोडी ठरते.

नळाचे पाणी वापरावे की बोअरवेलचे?

दोन्ही चालतात, मात्र दोघांचे दोष वेगळे आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की त्याची मात्रा वाढवली जाण्याची शक्यता असते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात अधिक सावध राहावे. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवले, विशेषतः त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावलेला, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला, तर क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास हायपो या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट किंवा दुकानातले क्लोरीननाशक, बाटलीवरील प्रमाणात वापरावे.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतो, परंतु दख्खनच्या पठारावर ते पुष्कळदा जड, म्हणजे जास्त क्षार विरघळलेले असते. जमिनीतून नुकतेच वर आलेल्या या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असल्यामुळे रात्रभर हवा दिल्यावर त्याचा पीएच बदलतो. म्हणून चाचणी हवा दिल्यानंतरच करावी. मॉली आणि गप्पी जड पाण्यात खुशाल राहतात, तर निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मृदू पाणी मानवते. पाण्याशी झगडण्यापेक्षा आपल्या पाण्यात सुखाने राहतील असे मासे निवडणे, हा आजार टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आपल्याकडे इतके ऊन असताना हीटर खरोखर लागतो का?

मुंबई, कोकण आणि गोव्यात पुष्कळदा लागत नाही, परंतु पुणे, नाशिक, नागपूर येथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निश्चित लागतो. माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस हे तापमान मानवते. डिस्कसला २८ ते ३० अंश लागते. थंडीपेक्षाही चढउतार घातक असतो, कारण दुपारी २७ आणि पहाटे २० अशा फरकाने माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उफाळून येतो. लिटरमागे एक वॅट हा हीटरचा सोपा हिशोब आहे.

विदर्भातील उन्हाळ्यात अडचण उलटी असते. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो आणि माशांची गरज मात्र वाढते. अशा वेळी पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा, झाकण उघडावे आणि मासे कमी ठेवावेत. बर्फाचे खडे थेट टाकीत टाकू नयेत.

नवे मासे वेगळे ठेवणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि या बाबतीत तडजोड करू नये. दुकानात अनेक ठिकाणांहून आलेले मासे एकाच पाण्यात फिरत असतात, त्यामुळे देखणा, चपळ दिसणारा मासाही रोग घेऊन येऊ शकतो. वीस-तीस लिटरची साधी टाकी किंवा स्वच्छ प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा आणि झाकण एवढे पुरते. जाळी, नळी आणि बादली या टाकीसाठी स्वतंत्र असावी. चार आठवडे थांबावे. नाइलाजाने थांबणे शक्य नसेल तर निदान दोन. दुकानातल्या पिशवीतले पाणी मुख्य टाकीत कधीच ओतू नये.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आहेत. हा रोग कसा बरा होतो?

हा उष्ण पाण्याच्या माशांचा सर्वांत परिचित रोग असून तो इक्थियोफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. दुकानात त्याला ‘इच’ म्हणतात. त्याचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय उपचार यशस्वी होत नाहीत, म्हणून ते येथे सविस्तर सांगणे योग्य ठरेल.

दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली वाढणारा परजीवी असतो आणि तेथे त्याला औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो मासा सोडून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करून घेतो आणि आत शेकडो पिल्ले तयार करतो. कवचातही औषध शिरत नाही. कवच फुटून पिल्ले पाण्यात पोहू लागली, की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध काम करते ते केवळ या थोड्या काळात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते, आणि थंड पाण्यात तेच कित्येक आठवडे रेंगाळते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवले तर आठवड्याभरात पहिल्यापेक्षा दुप्पट ठिपके घेऊन रोग परततो, कारण ठिपके गळून तळाशी गेलेले असतात, मेलेले नसतात. दुसरी, तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी ३० अंशांपर्यंत नेल्यास चक्र वेगाने फिरते आणि परजीवी औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. तापमान वाढवताना हवेचा पुरवठाही वाढवलाच पाहिजे.

औषध म्हणून मॅलाकाइट ग्रीन व फॉर्मेलिनचे तयार मिश्रण बाटलीवरील प्रमाणात वापरतात. लोच, कोरीडोरस आणि इतर मांजरमासे तसेच टेट्रा यांना ते सोसत नसल्याने त्यांच्यासाठी मात्रा निम्मी करावी. या दोन्ही रसायनांशी काम करताना हातमोजे घालावेत आणि खोलीत वारा खेळता ठेवावा. झाडे व गोगलगायी नसलेल्या टाकीत लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, दोन दिवसांत विभागून घातले तरी चांगला गुण येतो. एक दिवसाआड तळाची खडी नळीने शोषून स्वच्छ करावी, कारण कवचे तेथेच असतात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार किमान एक आठवडा चालू ठेवावेत.

ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसतो. हाही तोच रोग का?

नाही, हा बहुधा वेल्वेट असतो आणि इचपेक्षा वेगाने मारतो. त्याच्या परजीवीत हरितद्रव्य असल्यामुळे टाकीचा दिवा बंद ठेवून काच कापडाने झाकावी, तापमान थोडे वाढवावे आणि तांबेयुक्त औषध वेगळ्या टाकीत द्यावे. कोळंबी आणि गोगलगायींना तांबे मारक असते.

तोंडाभोवती कापसासारखे काही वाढले आहे. ही बुरशी आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण येथे चुकीचे निदान माशाच्या जिवावर बेतते. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवते, तिचे धागे लांब आणि मोकळे असतात आणि ती सावकाश वाढते. तिच्यावर मिथिलीन ब्लू उपयोगी पडते. ते फिल्टरमधील उपकारक जिवाणूही मारत असल्याने वेगळ्या टाकीतच वापरावे.

याउलट ओठांवर किंवा पाठीवर खोगिराच्या आकारात पसरणारा आखूड, राखाडी-पांढरा थर हा बहुधा कोल्युम्नॅरिस या जिवाणूंचा संसर्ग असतो. तो उष्ण पाण्यात जोर धरतो आणि एक-दोन दिवसांतही मासा नेऊ शकतो. पांढऱ्या ठिपक्यांवर उपकारक ठरणारी तापमानवाढ येथे थेट घातक ठरते, म्हणून हा संशय येताच तापमान २४ अंशांच्या आसपास आणावे, मासा वेगळा करावा आणि जिवाणूनाशक उपचारांसाठी त्याच दिवशी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

शेपटी आणि पर झिजत चालले आहेत. काय करावे?

पाणी बदलावे. पर सडण्याचे मूळ बहुतेक वेळा खराब पाण्यात किंवा चावऱ्या सोबत्यात असते. टायगर बार्बसोबत एंजल किंवा लांब पराचा फायटर ठेवला असेल तर कोणत्याही औषधाने पर भरून येणार नाहीत. आठवडाभर एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलल्यावर परांच्या कडेला पारदर्शक नवी वाढ दिसू लागते. लाली परांच्या मुळाकडे सरकत असेल तरच औषधाचा विचार करावा.

पोट फुगले आहे आणि खवले उभे राहिले आहेत. मासा वाचेल का?

खवले देवदाराच्या फळासारखे उभे दिसणे हे जलोदराचे लक्षण आहे. हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंडे निकामी होऊन शरीरात पाणी साचल्याचा तो परिणाम आहे आणि या अवस्थेतून फार थोडे मासे वाचतात. हे स्पष्ट सांगणे आम्ही आवश्यक समजतो, कारण खोट्या आशेवर संपूर्ण टाकीत तीव्र औषधे ओतली जातात. मासा वेगळा ठेवावा, पाणी अतिशय स्वच्छ राखावे आणि बाकीच्या माशांचे पाणी तपासावे. केवळ पोट फुगले असून खवले चपटे असतील तर मात्र बद्धकोष्ठ, अंडी किंवा जास्त खाणे ही साधी कारणे संभवतात. दोन-तीन दिवस उपास देऊन पाहावे.

खाण्याच्या बाबतीत हेही सांगायला हवे की धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देण्याऐवजी एक-दोन दिवसांच्या पुड्या बांधून द्याव्यात. उपासापेक्षा प्रेमाने टाकलेले मूठभर खाणे अधिक टाक्या बुडवते.

गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे डोकावतात. ते काय आहे?

मासा स्थिर असताना दोन-तीन बारीक लालसर टोके बाहेर दिसतात आणि तो हलला की आत ओढली जातात. हे कॅमॅलॅनस जंत होत. ते आतड्यात रक्त शोषतात आणि त्यांची पिल्ले तळाशी पडून दुसऱ्या माशाकडून खाल्ली जातात, त्यामुळे एका माशात दिसले तरी संपूर्ण टाकीवर उपचार करावे लागतात. शेळ्या-कोंबड्यांना जंतांसाठी दिले जाणारे लेव्हामिसोल लिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात, दिवा बंद ठेवून, २४ तास द्यावे. नंतर तळ शोषून निम्मे पाणी बदलावे आणि दोन-तीन आठवड्यांनी हाच उपचार पुन्हा करावा. लेव्हामिसोल जंतांना केवळ लुळे करून बाहेर पाडते, म्हणून तळ शोषण्याचा टप्पा वगळला तर श्रम वाया जातात.

औषधाची मात्रा कशी ठरवावी?

पाण्याच्या खऱ्या आकारमानावरून. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी साधारण ६० × ३० × ३० सेंटीमीटर, म्हणजे ५४ लिटरची मानली जाते. परंतु पाणी २६ सेंटीमीटरपर्यंतच भरलेले असते, म्हणजे ते ४७ लिटरच्या आत आले, आणि खडी व दगडांनी आणखी जागा व्यापल्यावर प्रत्यक्षात ४० लिटरच्या आसपासच पाणी उरते. ५४ लिटरची मात्रा घातली तर माशांना सुमारे एक तृतीयांश औषध जास्त मिळते, आणि मॅलाकाइट ग्रीनसारख्या औषधात एवढा फरक प्राणघातक ठरू शकतो. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर उपचारापूर्वी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. दोन औषधे एकत्र करू नयेत.

मीठही याच हिशोबाने, वजनकाट्यावर मोजावे. साधे खडे मीठ चांगले. ते बादलीत विरघळवूनच ओतावे आणि एक लक्षात ठेवावे की मीठ उडून जात नाही, पाणी बदलल्यावरच कमी होते. नायट्राइट चढलेला असताना लिटरला १ ग्रॅमपर्यंत मीठ माशांच्या रक्ताचे रक्षण करते.

माणसांची अँटिबायोटिक औषधे माशांना द्यावीत का?

स्वतःच्या अंदाजाने मुळीच देऊ नयेत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, ती फिल्टर उद्ध्वस्त करतात आणि अपुऱ्या मात्रेमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. ते सांडपाण्यातून पुढे जातात. पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला आणि नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत, जेथे माशांचे आरोग्य हा अभ्यासाचा विषय आहे. तपासणीसाठी न्यायचा असल्यास नुकताच मेलेला मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये, आणि टाकीचे पाणी वेगळ्या बाटलीत न्यावे.

मासा बरा होणार नाही हे निश्चित झाले तर काय करावे?

त्याच्या वेदना लांबवू नयेत. लवंग तेल कोमट पाण्याच्या लहान बाटलीत जोरात हलवून दुधाळ करावे आणि माशाला ठेवलेल्या भांड्यात हळूहळू मिसळावे. मासा आधी शांत झोपतो. त्यानंतर तेलाचे प्रमाण वाढवावे आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान दहा मिनिटे त्यात राहू द्यावे. मृत मासा मातीत पुरावा. जिवंत असो वा मेलेला, टाकीतला मासा नदीत, विहिरीत किंवा तलावात कदापि सोडू नये. त्यामुळे रोग पसरतात, आणि काच साफ करतो म्हणून विकत आणलेल्या सकर माशाने देशातील अनेक जलाशयांत स्थानिक माशांची जागा घेतली आहे.

माशांचे आजार माणसाला होतात का?

बहुतेक होत नाहीत, परंतु माशांचा क्षयरोग हा अपवाद आहे. त्याचे जिवाणू हातावरील जखमेतून शिरतात आणि काही आठवड्यांनी बोटांवर किंवा मनगटावर न भरणारी गाठ येते. म्हणून हाताला चीर असताना टाकीत हात घालू नये, पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली आहे त्यांनी हातमोज्यांशिवाय टाकीला स्पर्श करू नये. अशी गाठ आल्यास घरात मासे असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांना आपणहून सांगावे, कारण हे जिवाणू नेहमीच्या प्रयोगशाळा तपासणीत शरीराच्या तापमानावर नीट वाढत नाहीत, त्यांना ३० अंशांच्या आसपासचे तापमान लागते आणि तशी मुद्दाम सूचना दिली नाही तर निदान हुकते.